दात लांब होत नाहीत

"डॉक्टर, महे दात लांब व्हायलेत."

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. हे वाक्य तिथं आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. सांगणारा खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बोटानं ओठ वर करतो आणि एखादा सुळा दाखवतो. सुळा खरोखरच शेजारच्या दातांपेक्षा लांब दिसत असतो. खालचा भाग पांढरा आणि वर, हिरडीला लागून, एक पिवळसर पट्टा.

मोठ्या माणसाचा दात लांब होत नाही. (समोरची दाढ काढून टाकली असेल तर तिच्या जोडीची दाढ त्या मोकळ्या जागेत थोडी उतरते, पण ती गोष्ट वेगळी.) दात होता तेवढाच असतो, हिरडी सरकलेली असते. तो पिवळसर पट्टा म्हणजे दाताचं मूळ. ते जन्मभर झाकलेलं राहायला हवं होतं. आमच्याकडं ओढ्याकाठी बाभळी असतात. दर पावसाळ्यात काठाची माती थोडी थोडी वाहून जाते आणि काही वर्षांनी बाभळीची मुळं उघडी पडून हवेत लोंबायला लागतात. तेव्हा बाभूळ वाढली असं कुणी म्हणत नाही, काठ खचला म्हणतात.

नाव चुकलं की उपायही चुकतो. दात वाढला असं वाटणारा माणूस विचारतो, घासून बारीक करता येईल का, काढूनच टाकू का. काठ खचला हे ध्यानात आलं की माणूस आधी विचारतो, माती नेतंय कोण? हिरड्यांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि पेस्ट बदलण्याच्या घाईत तोच राहून जातो.

हाडाची बाज, हिरडीची वाकळ

दाताचा जो भाग आपण आरशात बघतो त्यावर इनॅमलचं कवच असतं. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ हाच. वजनानं बघितलं तर त्यात ९६ टक्क्यांच्या आसपास खनिज असतं. पण हे कवच हिरडीच्या कडेपाशी संपतं. तिथून पुढं मूळ सुरू होतं आणि मुळावर इनॅमल नसतं. तिथं असतो सिमेंटमचा थर, ज्यात खनिज जेमतेम निम्मं. दाताच्या मानेजवळ हा थर केसाहूनही पातळ असतो. निसर्गानं तो हिरडीच्या आत राहील असं धरून बनवलाय. ब्रश, लिंबू, तंबाखू यांच्याशी गाठ पडेल हे त्याच्या हिशेबातच नाही.

हिरडीच्या खाली हाड असतं आणि दाताचं मूळ त्या हाडाच्या खोबणीत रोवलेलं असतं. हाड म्हणजे बाज आणि हिरडी म्हणजे तिच्यावर अंथरलेली वाकळ. बाज खचली की वाकळ वर तरंगत राहत नाही. म्हणून हिरडी खाली गेलेली दिसते तेव्हा बहुतेक वेळा आतलं हाडही तिथून गेलेलं असतं. (वरच्या दातांची हिरडी वर सरकते हे मान्य, पण बोलण्यात सगळीकडं "खाली गेली" असंच म्हणतात. मीही तेच म्हणतो.)

वाकळ सगळ्यांची सारखी जाड नसते. काहींची हिरडी घट्ट, जाड. काहींची इतकी पातळ की हिरडी आणि दात यांच्या फटीत मोजमापाची बारीक सळई घातली तर तिचा करडा रंग हिरडीतून दिसतो. असं दिसलं की मी कागदावर खूण करून ठेवतो. ही ठेवण आईवडिलांकडून येते. दोघं भाऊ एकाच ब्रशच्या जातीनं, एकाच जोरानं दात घासतात आणि एकाचीच हिरडी सरकते, त्याचं एक कारण हे.

मूळ उघडं पडलं की पहिली तक्रार येते ती "पाणी लागायलंय" ही. सिमेंटमचा पातळ थर लवकरच झिजतो आणि खालचं डेंटिन उघडं पडतं. डेंटिनमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात. त्यांचं एक तोंड बाहेर, दुसरं थेट दाताच्या नसेच्या दिशेनं, आणि आत द्रव भरलेला. माठातलं गार पाणी, आइसक्रीम, मोटारसायकलवर तोंड उघडं ठेवलं तर लागणारं वारं, यातलं काहीही त्या नळ्यांच्या तोंडाशी आलं की आतला द्रव हलतो आणि नस झटका देते. कळ येते आणि दोन-चार सेकंदांत जाते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कळ लगेच ओसरत असेल तर बहुधा प्रकरण उघड्या मुळाचं. गार पाणी पिऊन झाल्यावरही मिनिट-मिनिट ठणका राहत असेल, किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर नसच धरली असण्याची शक्यता जास्त. मग पेस्टवर वेळ घालवू नये.

एक हात पोचत नाही, दुसरा सोडत नाही

हिरडी सरकवणारे हात मुख्यतः दोन.

पहिला, जो दाताच्या कडेपर्यंत कधी पोचतच नाही. दात घासल्यानंतर काही तासांतच त्यावर जंतूंचा चिकट थर पुन्हा धरायला लागतो. जीभ फिरवली की बुळबुळीत लागतो तो हाच. रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर लाळेतलं खनिज त्यात मुरतं आणि काही दिवसांत तो दगडासारखा होतो. हेच कीटण. खालच्या पटाशीच्या दातांच्या मागं ते सगळ्यात जास्त साठतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथंच उघडतात. कीटण ब्रशनं निघत नाही. त्याच्या खडबडीत पाठीवर नवे जंतू बसतात, हिरडी सुजते, दात आणि हिरडी यांच्यातली फट खोल होत जाते आणि जंतूंशी चाललेल्या शरीराच्या लढाईत हाड विरघळायला लागतं. गावात याला पायरिया म्हणतात.

या सगळ्यात दुखत काहीच नाही, आणि घोळ तिथंच होतो. किडलेली दाढ माणसाला रात्री दोन वाजता उठवून बसवते. पायरिया वर्षानुवर्षं गप्प बसतो. त्याची एकच चिठ्ठी येते, ती म्हणजे चूळ भरताना लाल थुंकी. ती चिठ्ठीही लोक उलटी वाचतात. रक्त येतंय म्हणजे ब्रश लागतोय, असं समजून तेवढी जागा घासायचीच सोडून देतात. तिथं थर आणखी साठतो, सूज आणखी वाढते, रक्त आणखी येतं. खरं तर रक्त येणारी जागा हलक्या हातानं पण नेमकी घासायची असते. सूज फक्त हिरडीपुरती असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं.

दुसरा हात याच्या अगदी उलट. माझ्याकडं एक निवृत्त गुरुजी येतात. दातांवर कीटणाचा कण नाही, हिरड्या गुलाबी, तोंडाला वास नाही. पण डावीकडचा सुळा आणि त्याच्या मागच्या दोन दाढा यांची मुळं चांगली तीन-तीन मिलिमीटर उघडी. मी आरसा हातात दिला आणि त्यांनाच नख फिरवायला सांगितलं. इनॅमल संपतं तिथं नख एका खाचेत अडकलं. कुऱ्हाडीनं ओंडक्याला पहिला घाव घातल्यावर पडते तशी खाच.

"गुरुजी, ब्रश कोणत्या हातानं करता?"

"उजव्या."

उजव्या हाताचा जोर तोंडाच्या डाव्या कोपऱ्यावर जास्त पडतो. तिथंच सुळा बाहेर आलेला असतो आणि त्याच्यावरचं हाड मुळातच पातळ असतं. चाळीस वर्षं, दिवसातून दोनदा, कडक ब्रश घेऊन आडवा करवतीसारखा हात. पुढच्या वेळी त्यांनी ब्रश आणून दाखवला. दीडच महिना वापरलेला आणि केस चारी दिशांना फाकलेले. ब्रशचे केस इतक्या लवकर पसरत असतील तर समजावं की त्याच जोरानं हिरडीही घासली जातेय. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडे दुखावले. आयुष्यभर पोरांना "खसाखसा घासा" म्हणून शिकवलं होतं त्यांनी.

आपल्या भागात या दुसऱ्या हाताला आणखी एक कारण मिळतं. मराठवाड्यात बऱ्याच गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. नांदेडकडचा किनवटचा भाग यासाठी माहीत झालेला आहे, पण तो एकटा नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंतची सूट आहे. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी, पक्के दात हाडाच्या आत तयार होत असताना पोटात गेलं, तर त्या दातांवर पांढरे, पिवळे, कधी तपकिरी डाग येतात. हे डाग बाहेरून चढलेले नसतात, ते कवचाच्या अंगातच असतात. पितळेच्या तांब्यासारखे ते चिंचेनं उजळत नाहीत.

पण लग्नाचं वय झालं की पोरंपोरी हे डाग घासायला लागतात. राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, खायचा सोडा, लिंबाची फोड. डाग जागचा हलत नाही. हलते ती हिरडी. विशीतल्या मुलीच्या समोरच्या दातांची हिरडी सरकलेली दिसली आणि दातावर फ्लोराइडचे पट्टे असले, की मी आधी तेच विचारतो, "कशानं घासतीस गं?" उत्तर बहुतेक वेळा ओळीनं दोन-तीन वस्तूंचं येतं. या डागांवर दवाखान्यात उपाय होतात. वरचा थर अगदी हलका घासून काढणं, ब्लीचिंग, किंवा दाताच्या रंगाचा पातळ थर चढवणं, डाग किती खोल त्यावर. घरी पूड घासून मात्र दात आंबण्यापलीकडं हाती काही लागत नाही.

मिश्रीची डबी

मिश्रीबद्दल लिहिताना हात जरा जड होतो, कारण माझी आजी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका उठायचा, मग ती चुरून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, शेतात निंदताना बांधावर बसल्यावर, तर्जनीवर चिमूटभर घेऊन दातांवरून फिरवायची आणि मग बराच वेळ तशीच तोंडात. तिच्या लेखी ते दात घासणंच होतं. आजही कितीतरी आया-बाया तसंच समजतात. विचारलं, "तंबाखू खाता का?" तर "नाई बाप्पा" म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. मिश्री म्हणजे तंबाखू हे त्यांच्या मनात नसतंच. म्हणून मी आता "मिश्री किती येळा लावता?" असंच विचारतो.

मिश्री तीन बाजूंनी मारते. पूड खरखरीत, म्हणून घासली जाऊन हिरडी झिजते. तंबाखू एकाच जागी रोज टेकते, म्हणून तिथल्या हिरडीला सतत जळजळ होते. आणि निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. यातली तिसरी गोष्ट फसवी आहे. रक्तवाहिन्या आकसल्यामुळं सुजलेली हिरडीही कमी रक्त देते. जी एकुलती एक चिठ्ठी यायची तीही बंद. बाई म्हणतात, मिश्रीनं हिरड्या घट्ट झाल्या. आत हाड चाललेलं असतं.

सोडायला सांगितलं की "सकाळी लावल्याबिगर पोट साफ होत नाही" हे उत्तर ठरलेलं. त्यात तथ्य आहे, निकोटिननं आतडी हलतात. म्हणून नुसतं "बंद करा" म्हणून भागत नाही. आधी दिवसातल्या वेळा कमी करायच्या, सकाळची सगळ्यात शेवटी. बऱ्याच जणींना हे जमलंय. काहींना नाही.

गुटख्याचं वेगळं. २०१२ पासून राज्यात त्यावर बंदी आहे, माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या तोंडावरून ती कळत नाही. पुडी गालात जिथं धरली जाते नेमकी तिथलीच हिरडी गेलेली असते. पण अशा माणसात मी हिरडी नंतर बघतो. आधी तोंड किती उघडतं ते. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये जायला हवीत. जात नसतील, तिखट सोसत नसेल, गालाला आतून पांढरे चट्टे किंवा कडक पट्टे लागत असतील, तर हिरडीची चिंता बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तपासून घ्यायला हवं. सुपारीनं गाल आतून आवळत जातात आणि तिथून कर्करोगाची वाट फार लांब नसते.

बाकीची कारणं थोडक्यात. दात वेडेवाकडे असतील तर जो दात ओळीच्या बाहेर आलाय त्याच्यावरचं हाड पातळ असतं, हिरडी तिथं लवकर सरकते. तारा लावून दात हाडाच्या बाहेरच्या अंगाला जास्त ढकलले गेले तरी तेच. ओठाला हिरडीशी जोडणारी आतली दोरी काहींमध्ये दाताच्या अगदी कडेला चिकटलेली असते आणि हसता-बोलता हिरडी ओढत राहते. आठवडी बाजारात बसून दहा मिनिटांत "फिक्स दात" बसवणारे लोक शेजारच्या दातांवर आणि हिरडीवर प्लॅस्टिकसारखा मसाला थापतात. तो काढताना खाली हिरडी शिल्लक सापडली तर नशीब. आणि मधुमेह. साखर ताब्यात नसेल तर पायरिया झपाट्यानं वाढतो आणि पायरिया असेल तर साखर ताब्यात यायला त्रास देते. हिरड्यांचा उपचार झाल्यावर तीन महिन्यांच्या सरासरीची साखर थोडी उतरते असं दिसून आलंय. चाळिशीच्या आत ज्याच्या हिरड्यांतून पू येतो त्याला मी साखर तपासायला पाठवतोच.

साफ केल्यानं दात हलतात का?

हा प्रश्न इतका विचारला जातो की त्याला वेगळी जागा द्यायला हवी. "शेजारच्यानं दात साफ केले अन् त्याचे दात हलायलेत, फटी पडल्यात." शेजारी खोटं बोलत नाही. पण झालेलं असं असतं, की दातांच्या मधलं हाड आणि हिरडी आधीच गेलेली होती. त्या रिकाम्या जागेत कीटण भरलं होतं आणि त्यानंच दात एकमेकांना जखडून धरले होते. पडक्या वाड्याच्या भिंतीला वडाच्या मुळांनी धरून ठेवावं तसं. कीटण काढलं की फट दिसते, दात किती ढिला आहे ते कळतं. शिवाय सुजून फुगलेली हिरडी सूज उतरल्यावर आणखी थोडी खाली बसते. म्हणजे साफ केल्यावर हिरडी जास्त सरकलेली दिसते, हे खरंच आहे. हे डॉक्टरनं आधी सांगायला हवं, आणि आम्ही घाईत ते सांगत नाही. मग पेशंट गावभर सांगत फिरतो, त्यात त्याची काय चूक?

तपासणीत आम्ही ती बारीक खुणांची सळई प्रत्येक दाताभोवती फिरवतो. फट तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर ठीक. चार-पाचच्या पुढं गेली की तिथं ब्रश पोचत नाही. एक्स-रेमध्ये हाड किती उरलंय ते दिसतं. पायरिया असेल तर आधी वरचं कीटण काढायचं, मग भूल देऊन हिरडीच्या आतलं, मुळावर चिकटलेलं. फट तरीही खोल राहिली तर हिरडी उघडून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया. हे झाल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यांना हवं असलेलं उत्तर. सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. कुठल्याही तेलानं, चूर्णानं, हळदीनं येत नाही. मोबाइलवर रोज एक व्हिडिओ फिरतो त्यातल्यानंही नाही. तेलाची चूळ भरून तोंडाला बरं वाटत असेल तर भरा, पण काठावर माती परत चढेल ही आशा धरू नका. सरकणं थांबवता येतं. बऱ्याच लोकांना तेवढं पुरतं.

नुसतं पाणी लागत असेल तर पोटॅशियम नायट्रेटसारखे घटक असलेली, सेन्सिटिव्ह दातांसाठीची पेस्ट. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक चार दिवसांत सोडतात. लावल्यावर खळखळून दहा चुळा भरू नका, नुसती थुंकून टाका. दवाखान्यात फ्लोराइडचा लेप लावता येतो. मानेला खोल खाच पडली असेल तर दाताच्या रंगाचा मसाला भरतात.

उघडं मूळ परत झाकायचंच असेल तर कलम. मोसंबीवाल्यांना हे सांगायला सोपं जातं. जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात, घट्ट बांधतात, आणि खुंटाच्या रसावर डोळा जगतो. तसंच इथं टाळूतून कातडीखालचा मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्यायचा, उघड्या मुळावर बसवायचा, शेजारची हिरडी सैल करून त्याच्यावर ओढायची आणि टाके घालायचे. पहिले काही दिवस तो तुकडा खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. दुखतं ते बसवलेल्या जागी कमी, टाळूला जास्त. दोनेक आठवडे मऊ खाणं, त्या जागी ब्रश नाही, ओठ ओढून आरशात बघत बसायचं नाही. तंबाखू चालू असेल तर कलम धरत नाही, म्हणून मी ती करायला नाहीच म्हणतो.

आणि प्रत्येक जागी कलम पुरं झाकत नाही. दोन दातांच्या मधली हिरडीची टोकं आणि त्याखालचं हाड शाबूत असेल, जसं गुरुजींचं होतं, तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची चांगली आशा. दातांमधलं हाडच गेलं असेल तर अर्धंमुर्धं, आणि फारच गेलं असेल तर करूच नये. बाजूला खुंट नाही तिथं डोळा भरून काय उपयोग? खासगी दवाखान्यात हा खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. वेळ लागतो, खेपा होतात, पण खर्च पुष्कळ कमी. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना मी कारखाने बंद होऊन ती परतली की लगेच यायला सांगतो, म्हणजे दोन-तीन खेपा पेरणीच्या आत उरकतात.

ब्रश पेनासारखा धरा

मऊ केसांचा ब्रश घ्यायचा. "मीडियम" लिहिलेलाही नको. पेस्ट वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात ती पेस्ट खपण्यासाठी. ब्रश मुठीत न धरता पेन धरतो तसा बोटांत धरायचा. मुठीतला जोर बोटांत येतच नाही, गुरुजींना मी एवढंच शिकवलं. केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरपे टेकवायचे, जागच्या जागी बारीक थरथर द्यायची आणि मग दाताच्या टोकाकडं ओढून घ्यायचं. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. आडवं खरडायचं नाही. दोन मिनिटं, रात्री झोपताना नक्की. चिंचेचं सार, लिंबू सरबत, किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश नको. अर्धा तास जाऊ द्यावा, कारण आंबटानं पृष्ठभाग तेवढा वेळ मऊ पडलेला असतो.

कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही. टोक चावून चावून मऊ कुंचला केला आणि उभा फिरवला तर चांगली स्वच्छता होते. अर्धवट चावलेली काडी करवतीसारखी आडवी ओढली तर ती कडक ब्रशपेक्षा वाईट.

हिरडी सरकली की दातांमध्ये फटी राहतात, आणि हुरड्याच्या दिवसांत त्या कळतात. प्रत्येक फटीत एक दाणा. मग हाताला लागेल ते: काडेपेटीची काडी, खराट्याचा हीर, पदराची सेफ्टी पिन. एका बाईंनी वर्षानुवर्षं एकाच फटीत पिन घातली होती, त्या फटीचा पार बोगदा झालेला. फटीसाठी बाटली धुवायच्या ब्रशच्या आकाराचे अगदी इवलेसे ब्रश मेडिकलमध्ये मिळतात. ते फटीच्या मापाचे घ्यावेत, सहज आत जाणारे. घुसवावा लागला तर माप चुकलं.

घरी लक्ष ठेवायला मोबाइल पुरेसा आहे. सहा महिन्यांनी एकदा, दिवसाच्या उजेडात, ओठ बाजूला धरून तोच दात, त्याच बाजूनं. आठवणीवर विसंबलं तर हिरडी दर महिन्याला सरकतेय असं वाटतं, किंवा कधीच सरकली नाही असं वाटतं. फोटो शेजारीशेजारी ठेवले की खरं काय ते दिसतं. सरकताना दिसली, पू आला, दात हलला किंवा दोन दात एकमेकांपासून लांब जायला लागले, तर सहा महिने थांबायचं नाही.

गुरुजींनी कलम करून घेतली नाही. "या वयात आता कुणाला दाखवायचंय?" म्हणाले, आणि ते पटण्यासारखं होतं. खाचा भरल्या, ब्रश बदलला, हात बदलला. परवा वर्षानं आले तेव्हा मी सळईनं पुन्हा मोजलं. मागच्या वर्षी कार्डावर डाव्या सुळ्यासमोर ३ लिहिलेलं होतं. या वर्षीही ३.

"म्हणजे फरक काहीच नाही की, डॉक्टर," ते जरा खट्टू होऊन म्हणाले.

"काहीच नाही," मी म्हणालो, आणि पुढच्या दिवाळीनंतरची तारीख कार्डावर घातली.